ग्रेनाडास पाठविलेला अर्ज

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींतली ही गोष्ट आहे. शाळेच्या कार्यालयांत जुन्या दाखल्यांच्या नोंदी तपाशीत मी एकटाच बसलों होतों. बाहेर ऊन मी म्हणत होतें. अशा वेळीं आमच्या वसतिगृहांत सहा वर्षें राहून गेलेली एक विद्यार्थिनी दारांत येऊन उभी राहिली. तिचें नांव मी येथें देत नाहीं. तिची हकीकत छापण्यास तिनें संमति दिली, परंतु नांव नको म्हणाली.

ती मूळची पाथर्डी तालुक्यांतली. आईबाप ऊसतोडणीस जाणारे. दिवाळी झाली कीं बिऱ्हाड गाडींत घालावें, कारखान्याच्या वाटेस लागावें आणि पाडव्याच्या सुमारास परत फिरावें, असा त्यांच्या जन्माचा क्रम. ह्या मुलीस त्यांनीं पांचवीपासून वसतिगृहांत ठेविलें म्हणून तिची शाळा सुटली नाहीं. पुढें परिचर्येचा जी.एन.एम. हा अभ्यासक्रम तिनें पुरा केला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलांत तिचें नांव नोंदलें गेलें, आणि ती एका रुग्णालयांत नोकरीस लागली.

"सर, एक बायोडाटा इंग्रजींत नीट करून द्याल का? ग्रेनाडाला पाठवायचा आहे," ती म्हणाली.

मी इंग्रजीचा शिक्षक. भूगोल माझा कच्चा. मला स्पेनमधील ग्रानाडा शहर आठवलें आणि तसें मी बोलूनहि गेलों. "तें नव्हे सर," ती हंसून म्हणाली, "वेस्ट इंडीजमधलें." तिच्याबरोबर शिकलेली केरळची एक मुलगी तिकडील एका शेजारच्या बेटावर कामास होती, तिनें जाहिरात धाडली होती.

आम्ही दोघें भिंतीवरील नकाशापुढें जाऊन उभे राहिलों. दक्षिण अमेरिकेच्या माथ्यावर व्हेनेझुएला, आणि त्याच्या किनाऱ्यापासून सुमारें १६० किलोमीटरांवर एक ठिपका. मला चष्मा पुसून पाहावें लागलें. ह्या राष्ट्राचें क्षेत्रफळ सारें ३४४ चौरस किलोमीटर. आपला जिल्हा १७ हजार चौरस किलोमीटरांचा, म्हणजे तशीं पन्नासाच्या जवळपास राष्ट्रें आपल्या एका जिल्ह्यांत मावतील. लोकवस्ती सव्वा लाखाच्या आंत. नगर शहराच्या निम्मीहि नव्हे. १९७४ सालच्या फेब्रुवारींत तें ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालें. राजधानीचें नांव सेंट जॉर्जेस, भाषा इंग्रजी. मुलांनीं लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, २०१२ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्यें किरानी जेम्स ह्यानें ४०० मीटरांच्या शर्यतींत मिळविलेलें सुवर्णपदक हें ह्या देशाचें पहिलेंच ऑलिंपिक पदक होय. आणि मुलांच्या आयांसाठीं एक गोष्ट अशी: पुरणांत आपण जें जायफळ किसून घालतों, त्याकरितां हें बेट प्रसिद्ध आहे, इतकें कीं त्यांच्या राष्ट्रध्वजावरच जायफळ काढलेलें आहे. २००४ सालच्या सप्टेंबरांत 'आयव्हन' नांवाच्या वादळानें तेथील बहुतेक घरांचीं छपरें उडविलीं व जायफळाच्या बागा आडव्या केल्या. नवें झाड फळावर यावयास सहासात वर्षें लागतात. दुष्काळी तालुक्यांतील मुलीस वादळाचें तें काय भय, असें मला वाटलें. पण मी तें बोललों नाहीं.

त्या बेटांवर परिचारिका कमी कां पडतात, तर तेथें शिकलेल्या मुली इंग्लंड, अमेरिका, कॅनडा ह्या देशांत जातात. त्यांच्या मोकळ्या खाटा आपल्याकडील मुलींनीं सांभाळाव्या. पाथर्डीचीं माणसें प्रवरेच्या कांठीं जातात, प्रवरेकडचीं पुण्यास जातात, पुण्याचीं समुद्रापार. जगाची रीत सर्वत्र एकच दिसते.

तिनें आणलेला बायोडाटा मी हातीं घेतला. रुग्णालयाशेजारच्या झेरॉक्सच्या दुकानांत कोणीं तरी तो ठराविक सांच्यांत टंकून दिला होता. वर पूर्ण नांव. त्याखालीं वडिलांचें नांव, धर्म, जात, विवाहित कीं अविवाहित, उंची, वजन, ओळखीची खूण: उजव्या गालावर तीळ. कामाविषयीं अवघी एक ओळ: 'स्टाफ नर्स म्हणून काम केलें.' तळाशीं मात्र वरील सर्व मजकूर खरा असल्याची भली मोठी प्रतिज्ञा.

हा कागद वाचतांना मला एका दुसऱ्या कागदाची आठवण झाली. ब्रिटिश साम्राज्यांत १८३४ सालीं गुलामगिरी बंद झाली, १८३८ सालीं तिचें शेवटचें बंधनहि सुटलें, आणि ऊसमळ्यांच्या धन्यांस मजूर मिळेनासे झाले. तेव्हां हिंदुस्थानांतून करार करून माणसें नेण्यांत येऊं लागलीं. तेच गिरमिटिये. आपल्या कोंकणांतील पुष्कळ मराठी कुटुंबें मॉरिशसला गेलीं तीं ह्याच वाटेनें. कॅरिबियन बेटांकडे जाणारे बहुतेक उत्तर हिंदुस्थानांतले. कलकत्त्याच्या बंदरांतून ते चढत. ग्रेनाडास त्यांचें पहिलें जहाज 'मेडस्टन' १ मे १८५७ रोजीं लागलें. त्यानंतर दहाच दिवसांत इकडे मेरठला उठाव झाला. त्याची वार्ता त्या बिचाऱ्यांस केव्हां पोंचली असेल कोण जाणे. अशा प्रत्येक मजुराचा एक परवाना असे. त्यावर त्याचें नांव, बापाचें नांव, वय, जात, जिल्हा, ठाणें, गांव, उंची आणि अंगावरील खूण हीं कारकून लिहून घेई. त्या मनुष्याला गातां येत होतें कीं गुरांचें औषध ठाऊक होतें, ह्यासाठीं त्या कागदावर जागाच नव्हती. मनुष्य हरवला तर ओळखतां यावा, एवढ्यासाठींच तो कागद.

१९१७ सालीं ही भरती थांबली. शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, आणि आमची मुलगी त्याच बेटाकडे जो कागद पाठवूं पाहत होती त्यावर पुन्हां बापाचें नांव, जात, उंची आणि गालावरचा तीळ! मीं निळी पेन्सिल घेतली व तें सारें खोडलें. ती घाबरली. "सर, एवढें काढलें तर राहिलें काय?"

"राहिलें तेंच लिहावयाचें आहे," मी म्हणालों.

चार दिवस सायंकाळीं ती येत असे. मी विचारी, ती सांगे. वॉर्डांत खाटा किती? तीस. रात्रपाळीस परिचारिका किती? दोन. कोणते रोगी? सर्पदंश, विंचूदंश, कीटकनाशक प्यालेले, भाजलेले, मधुमेहानें पाय चिघळलेले, डेंगीचे. सर्पदंशाचा अनुभव तिला फार मोलाचा वाटे, आणि आहेहि. पण ग्रेनाडांत विषारी साप नाहींत असें आढळल्यावर आम्ही दोघेंहि हंसलों. मधुमेह व रक्तदाब ह्यांनीं मात्र तीं बेटें गांजलेलीं आहेत. म्हणून चिघळलेल्या पायांचें ड्रेसिंग वर आणलें, साप खालीं गेला. 'स्टाफ नर्स म्हणून काम केलें' ह्या एका ओळीच्या जागीं सहा ओळी झाल्या, आणि त्यांतील एकहि शब्द फुगविलेला नव्हता. आपल्या मुलांमुलींस केलेलें काम सांगण्याची लाज वाटते आणि न केलेलें सांगतांना मात्र जीभ अडखळत नाहीं, असें मीं वर्गांत अनेकदां पाहिलें आहे.

आणखी बारीकसारीक अडचणी पुष्कळ निघाल्या. गुणपत्रिकेवर आडनांव आधीं, पासपोर्टावर तें निराळ्या रकान्यांत, शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंगांत एक अक्षर अधिक. तीं तिन्ही नांवें एकाच मुलीचीं हें समुद्रापलीकडील मनुष्यानें कसें जाणावें? शिवाय २०२४ सालीं आपल्या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें; तिचीं सारीं जुनीं प्रमाणपत्रें अहमदनगरचीं. दोन्ही नांवें एकाच ठिकाणाचीं, अशी टीप घालावी लागली. दहावी-बारावी म्हणजे काय हेंहि तेथें कोणी जाणत नाहीं. तिकडील मुलें कॅरिबियन परीक्षा मंडळाच्या परीक्षा देतात. म्हणून परीक्षेच्या नांवापुढें शाळेचीं किती वर्षें झालीं तें लिहिलें. मूळ कागदांवर सरकारचें अॅपोस्टिल हें प्रमाणचिन्ह घ्यावें लागतें, तें पुढचें काम. कॅरिकॉम हा त्या बेटांचा संघ १९७३ सालीं झाला. संघांतील देशांच्या सुशिक्षित कामगारांस परस्परांकडे जाणें सोपें आहे. बाहेरच्यास मात्र कामाचा परवाना लागतो, आणि येथला मनुष्य कां मिळाला नाहीं, असें मालकास सरकार विचारतें. तेव्हां दोन पानांतच आपली योग्यता दिसली पाहिजे.

पांचव्या दिवशीं तारखा मांडावयास घेतल्या आणि येथें गाडी अडली. सप्टेंबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ नोकरी. मे २०२३ पासून पुन्हां नोकरी. मधले सहा महिने?

तिनें खालीं पाहत सांगितलें. त्या वर्षीं बापानें पावसाळ्यांतच मुकादमाकडून उचल घेतली होती. दसऱ्याच्या सुमारास तो ट्रॉलीवरून पडला आणि त्याच्या मांडीचें हाड मोडलें. वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊकच असेल कीं तोडणीच्या हिशेबांत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. अर्धा कोयता मुकादमाच्या उपयोगाचा नाहीं, आणि उचल तर दवाखान्यांत संपलेली. तेव्हां ह्या मुलीनें नोकरी सोडली आणि बापाच्या जागीं ती आईबरोबर कोपीवर राहावयास गेली. पहांटे तीनला उठावें, अंधारांत फडांत जावें, ऊस तोडावा, मोळ्या बांधाव्या, त्या डोक्यावरून गाडींत भराव्या. ज्या हातांनीं ती शीर शोधून सुई घालीत असे त्या हातांना पहिल्या आठवड्यांतच फोड आले. एप्रिलांत उचल फिटली, तेव्हां ती परतली.

मुंबईच्या एका दलालास तिनें फोनवर हें सांगितलें होतें. तो म्हणाला कीं मोकळी जागा दिसली तर अर्ज टोपलींत जाईल. अमुक हजार द्या, त्या सहा महिन्यांचें एका खासगी दवाखान्याचें प्रमाणपत्र आणून देतों. पालकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. परदेशीं माणसें धाडणाऱ्या दलालास १९८३ च्या कायद्याप्रमाणें सरकारी नोंदणी लागते, आणि उमेदवाराकडून ३० हजार रुपये व त्यावरील कर ह्यापेक्षां अधिक मोबदला घेण्यास त्याला मुभा नाहीं. ज्याच्यापाशीं नोंदणीचा क्रमांक नाहीं त्याच्या पायरीवर चढूं नये.

दलालाचें म्हणणें ऐकून मला संताप आला खरा. पण मीं काय केलें तें आतां सांगतों. मी म्हणालों, "खोटें प्रमाणपत्र नको. आपण महिने लिहूंच नयेत. नुसतीं सालें लिहूं: २०२१ ते २०२५. खोटेंहि नाहीं आणि खांचहि दिसत नाहीं." आपली युक्ति मला फार नामी वाटली.

ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण सर, मग ते सहा महिने मी होतें कुठें?"

मला उत्तर सुचलें नाहीं, कारण त्याच क्षणीं मला माझाच एक जुना अर्ज आठवला. माझे वडील मिशनच्या बंगल्यावर माळी होते. एका मडमेनें जातांना त्यांस दिलेली शिफारशीची चिठ्ठी ते पत्र्याच्या पेटींत, वहीच्या पुठ्ठ्यांत घालून ठेवीत. त्यांना ती वाचतां येत नसे, पण आलागेला पाहुणा वाचूं शके. मी पदवीधर झालों आणि पहिल्या नोकरीचा अर्ज भरावयास बसलों, तेव्हां 'वडिलांचा व्यवसाय' ह्या रकान्यांत मीं लिहिलें: 'मिशनसेवा'. शब्द खरा होता. वाचणाऱ्यानें त्यांस पाळक किंवा उपदेशक समजावें हा हेतु मात्र खरा नव्हता. अर्ज टाकण्यापूर्वीं वडिलांनीं तो मोठ्यानें वाचून दाखवावयास सांगितला. मीं वाचला. ते कांहीं बोलले नाहींत. झारी घेऊन गुलाबांकडे गेले. ते वारल्यास आतां बारा वर्षें झालीं, आणि त्या वेळीं त्यांस तो शब्द कसा वाटला हें विचारण्याचें मीं शेवटपर्यंत टाळलें.

सगळें सांगितलेंच पाहिजे असें माझें म्हणणें नाहीं. आमच्याच नगर-राहुरीकडे वावरलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनीं 'स्मृतिचित्रें' लिहितांना आपली फजितीहि वाचकांपुढें उघडी मांडली; पण तें आत्मचरित्र होतें, नोकरीचा अर्ज नव्हता. तीळ, जात, लग्न ह्यांशीं रुग्णालयास कर्तव्य नाहीं. तें आपण गाळलें आणि योग्यच केलें. परंतु सहा महिने ती रुग्णालयांत नव्हती ह्याशीं त्यास कर्तव्य आहे. तें गाळून सालें जोडणें म्हणजे न झालेलें काम झालेंसें भासविणें. मीं 'मिशनसेवा' लिहिलें तें ह्याच जातीचें होतें.

मग आम्ही ती ओळ लिहावयास बसलों, आणि दोन पानांच्या त्या अर्जांत सर्वांत अधिक वेळ ह्या एका ओळीनें घेतला. मीं प्रथम 'कौटुंबिक अडचण' असें लिहिलें. तें मला पोकळ वाटलें. मग मीं बापाचा अपघात, मुकादम, उचल सारें सविस्तर घातलें. तें दयेची याचना केल्यासारखें झालें, आणि तिला तें मुळींच आवडलें नाहीं. तोडणीच्या तळावर कोयता लागून जखमी झालेल्यांस ती पट्टी बांधी, एका अडलेल्या बाईस रात्रीं तिनें आरोग्यकेंद्रावर नेलें, हें बोलतां बोलतां निघालें. मी म्हणालों, तळावरची परिचारिका म्हणूनच लिहूं या. "नको सर," ती म्हणाली, "ती नोकरी नव्हती. कुणी हांक मारली तर जायचें, एवढेंच." शेवटीं इंग्रजींत जें ठरलें त्याचा अर्थ असा: 'नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२३: वडिलांच्या अपघातामुळें त्यांच्या जागीं ऊसतोडणी करून कुटुंबानें घेतलेली अगाऊ रक्कम फेडली. ह्या काळांत परिचारिकेची नोकरी केली नाहीं. तळावरील मजुरांस गरजेप्रमाणें प्रथमोपचार केले.'

तळाची ती मोठी प्रतिज्ञा मी काढणार होतों, कारण तिकडे तशी चाल नाहीं. तिनें ती ठेवावयास लाविली. मीं दोन ओळींत आटोपली.

पुढच्या रविवारीं ती गांवीं गेली आणि आईस तो अर्ज तिनें मराठींत वाचून दाखविला. खाटा, ड्रेसिंग, रक्तदाब ह्यांतलें आईस फारसें कळलें नाहीं. ऊसतोडणीची ओळ आली तेव्हां ती म्हणाली, "आमचंबी घातलं व्हय गं यात?" आणि ती ओळ तिनें पुन्हां वाचावयास लाविली.

आतां राहिले शिफारस करणारे. आपल्याकडे ह्या रकान्यांत 'मागितल्यास देऊं' असें लिहून मोकळे होतात. एवढ्याशा बेटावर, जेथें मनुष्य मनुष्यास ओळखतो, तेथें ती चाल उपयोगाची नाहीं. ते खरोखरीच फोन करतात. तिच्या वॉर्डाच्या सिस्टर एक आणि दुसरा मी, अशीं आमचीं नांवें व दूरध्वनी क्रमांक घातले. तेथें सकाळचे नऊ वाजतात तेव्हां येथें सायंकाळचे साडेसहा झालेले असतात, हेंहि मीं तिला सांगून ठेविलें.

तीन आठवड्यांनीं एका सायंकाळीं फोन वाजला. पलीकडून मेट्रनबाई बोलत होत्या. त्यांचें इंग्रजी गाण्यासारखें हेलकावे घेणारें. पहिलीं दोन वाक्यें मला समजलींच नाहींत, आणि वीस वर्षें इंग्रजी शिकविल्याचा माझा ताठा तेथेंच उतरला. मुलगी रात्रपाळीस टिकेल का, तिनें पायाच्या जखमा खरोखर हाताळल्या आहेत का, इतकें विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि हे सहा महिने?"

मीं सांगितलें. बापाचें हाड, अर्धा कोयता, एप्रिलांत फिटलेली रक्कम, सगळें. 'उचल' ह्या शब्दाचा अर्थ त्यांनीं मला दोनदां विचारला. काम करण्यापूर्वींच घेतलेले आणि मग काम करून फेडावयाचे पैसे, असें मीं समजाविलें. पलीकडे क्षणभर शांतता झाली; कागदावर त्या कांहीं लिहीत असाव्या. मग त्यांनीं आभार मानले आणि फोन ठेविला.

त्यानंतर मुलीची मुलाखत झाली. ती नीट झाली असें ती म्हणते. निकालाचें पत्र हा अंक छापावयास जाईपर्यंत आलेलें नाहीं. ती अजून नगरलाच रात्रपाळी करते, आणि कार्यालयावरून जातांना खिडकींतून विचारते, "सर, कांहीं आलें का?" आमच्या कपाटांत त्या अर्जाची एक प्रत आहे. ज्या विद्यार्थ्यांस पाहावयाची असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें. तिनें तशी परवानगी दिली आहे, मात्र नांवावर मीं कागद चिकटविला आहे.